रिकामा डबा परत करू नये

मास्तर कुठल्याही खोलीत शिरले की आधी माणसं मोजत. मनातल्या मनात नव्हे, चांगलं बोट नाचवून. माझ्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हाही उंबऱ्यावर उभं राहून त्यांनी मला मोजलं, माझ्यासमोर बसलेल्या केकवाल्या बाईंना मोजलं, कॅलेंडरवरच्या लक्ष्मीपाशी बोट जरा अडखळलं, मग तिला सोडून देऊन म्हणाले, "दोनच सीट हायेत ना? बाई, जरा पुढं सरका." आणि ज्या केकवाल्या बाई अर्धा तास माझ्याशी एका रंगावरून हुज्जत घालत होत्या, त्या मुकाट्यानं पुढं सरकल्या!

ऑफिस म्हणजे पिठाच्या गिरणीवरची एक खोली. लहानसहान धंदेवाल्यांच्या वेबसाईट करून द्यायच्या, सोशल मीडियावरची त्यांची पानं सांभाळायची, फोटो टाकायचे, असं माझं काम. खाली गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं, आणि मुळातच तापट असलेलं माझं डोकं आणखी तापायचं. अशा वेळी मास्तर आले.

उभी हयात त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली होती. आमच्याकडे खेड्यापाड्यांत कंडक्टरला मास्तर म्हणतात, तेच त्यांना चिकटलं. खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते घेतलं तर दुसऱ्याच कुणाबद्दल लिहितेय असं वाटेल. बोटात एक जाडजूड चांदीची अंगठी. तिनं टेबलावर एकदा टक् केलं की थांबा. दोनदा टक् टक् केलं की गाडी जाऊ द्या. माझ्यासारख्या बडबड्या बाईला त्यांनी सगळा वेळ या दोन घंट्यांवर चालवलं.

सिन्नर रस्त्याला आत त्यांचा मळा. त्यातल्या अर्ध्या एकरात फुलं: निशिगंध, शेवंती, गुलाब, आणि चैत्रात नुसता पांढराशुभ्र होणारा मोगरा. मास्तर त्या फुलांचे दागिने करत. डोहाळजेवणाला पोटुशी बाईला नखशिखान्त फुलांनी सजवतात ना, वाडी भरणं म्हणतात त्याला, त्या वाडीचे दागिने. हळदीचे, बारशाचेही. आईच्या मांडीशी बसून शिकले होते म्हणे. नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी करत, आणि आता रोजचीच सुट्टी होती.

"पण मंडळींनी मुदत दिलीय," पहिल्याच दिवशी ते म्हणाले. मंडळी म्हणजे त्यांची बायको, काकू. "आखाजीपर्यंत." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. "तोवर समदी फुलं मळ्यातूनच गेली पाहिजेत. क्रेट भरून मार्केटला न्यायची आन् पडत्या भावात टाकून यायची, हे बंद. नाय जमलं तर समदं उपटायचं आन्..." इथं त्यांचा आवाज खाली गेला. "टोमॅटो."

टोमॅटोवर त्यांचा तसा राग नव्हता. कांद्याबरोबर कापून कच्चा खायचे की मिटक्या मारत! पण मोगऱ्याच्या जागी टोमॅटो, ही कल्पना काही त्यांच्या घशाखाली उतरेना. आणि काकू बोललेल्या फिरवणाऱ्यांतल्या नव्हत्या.

तर वेबसाईट. मी कौतुकानं नमुने दाखवले. वर मोठं चित्र, खाली 'आमच्याविषयी', त्याखाली 'आमची मूल्ये'. टक्.

"मूल्ये कशाला? गाडीला पाटी लागती, ताई. कुठून कुठं जाती तेवढं लिवायचं. बसणारा बसतो."

मी भांडले. मी भांडतेच. पण शेवटी वेबसाईटच्या माथ्यावर लागलं: 'मळ्यातून तुमच्या दारी, मार्गे सिन्नर, नाशिक.' मग मी नाव, गाव, ईमेल भरायचा तक्ता दाखवला. टक्. "दारात आलेल्याला आधी पाणी विचारायचं का अर्ज भरायला लावायचा?" बरं, फोन नंबर टाकू? टक्. "फुलं ओवताना दोन्ही हात गुंतलेले असत्यात. मधीच घंटी वाजली की गाठ सुटती." कप्पाळ माझं! शेवटी वेबसाईटवर मळ्याचा पत्ता तेवढा राहिला, आणि ऑर्डर द्यायची तर फोटोंच्या ॲपवरच्या आमच्या पानावर निरोप ठेवायचा, असं ठरलं.

फोटो काढायला मी मळ्यात गेले तेव्हा नवीनच घोळ. दागिना ताटात ठेवून दिसत नाही, कुणीतरी घालायला हवा. मी म्हटलं, माझ्या मामेबहिणीला आणते, दिसायला छान आहे, नंतर तोच दागिना गिऱ्हाइकाला द्या. टक्. एकदाच, पण इतक्या जोरात की खाटेखालचं कुत्रं उठून गेलं.

"घातलेलं फूल दुसऱ्याला द्यायचं नसतं. त्याचं निर्माल्य झालं."

"अहो, फोटोपुरतं घालायचंय!"

"फुलाला काय कळतंय फोटोपुरतं?"

म्हणजे फोटोसाठी केलेला दागिना घरच्याच बाईनं घालायचा. आणि घरात बाई एकच. साठी ओलांडलेल्या काकू, कपाळावर निशिगंधाची बिंदी, दंडाला गुलाबाचे बाजूबंद, कमरेला शेवंतीचा पट्टा, आणि हातात विळा, कारण मेथी कापता कापता उठवलं होतं. चेहरा असा की कैरी बरी. "काढ बाई लवकर, गवार तोडायची राहिलीय." मी काढला. पानावर टाकताना खाली काय लिहू विचारलं, तर मास्तरांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "आमच्या मंडळी. राग फोटो काढणारीवर आहे, फुलांवर नाही."

लोकांनी तो फोटो डोक्यावर घेतला. म्हणजे अगदी देशभर गाजला वगैरे नाही हो, पण नाशकापासून सटाण्यापर्यंत फिरला. खाली लाल बदामांची रांग लागली. मी हरखून मळ्यात जाऊन दाखवलं.

"हे कोण लोक?"

"त्यांना फोटो आवडला म्हणून बदाम दिलेत."

"मग आता आपुण काय द्यायचं?"

"काही नाही द्यायचं."

तेवढ्यात चुलीपासून काकूंचा आवाज आला, "काही नाही कसं? शेजारनं वाटीभर कालवण आलं तर वाटी रिकामी धाडती का तू? चिमूटभर साखर तरी घालतो माणूस." नवराबायकोचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

झालं! त्या दिवसापासून मास्तरांनी वाट्या परत करायला घेतल्या. बदामाला नुसता बदाम नाही. त्या माणसाच्या पानावर जायचं, त्याचे फोटो बघायचे आणि दोन शब्द लिहायचे. एकही माणूस सुटता कामा नये. "बिनतिकिटाचा एक जरी राहिला तरी मला चैन पडत नसे," म्हणायचे. सटाण्याच्या एकानं नव्या ट्रॅक्टरचा फोटो टाकला होता. त्याखाली, "ट्रॅक्टर झकास. मागचं डावं चाक बघून घ्या." कुणाच्या गोव्याच्या फोटोखाली, "समुद्र मोठा आहे. मुलाला पुढे जाऊ देऊ नये." कुणी नोकरी बदलली, तर, "जुन्या ठिकाणी निरोप घेतला ना नीट?" आणि कहर म्हणजे, त्र्यंबकेश्वरकडची एक बाई हेच फुलांचे दागिने करायची, तिच्या पानावर चक्क लिहून आले, "हार सुरेख. गाठ आमच्यापेक्षा बारीक."

"मास्तर, ती आपली स्पर्धक!" मी किंचाळलेच.

"एका रस्त्यावर दोन गाड्या असत्यात, ताई. दोन्ही भरून जात्यात."

आणि गंमत अशी की ऑर्डरी येऊ लागल्या. पहिली आली सटाण्याहून, ट्रॅक्टरवाल्याच्या भावजयीच्या डोहाळजेवणाची. मी पुठ्ठ्याची सुबक खोकी काढून ठेवली होती, वर आमचं चित्र, पानाचं नाव. टक्. मास्तर भांडीबाजारातून स्टीलचे डबे घेऊन आले, आणि प्रत्येक झाकणावर, आपण लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतो तसं, ठिपक्याठिपक्यांनी कोरून आणलं: मास्तर, फुलांचा मळा, गावाचं नाव, आणि खाली 'परत करणे'. आत ओलं फडकं, त्यात दागिने, आणि डबा एसटीच्या पार्सलानं रवाना.

"डबे परत येत नसतात, मास्तर. लोक त्यात रवा भरून ठेवतात."

"येतील," मास्तर म्हणाले. पण एकही येईना. काकू डब्यांसाठी मोकळी ठेवलेली फळी रोज फडक्यानं पुसत, जे बोलण्यापेक्षा वाईट होतं. तरी फुलं मात्र मळ्यातूनच जात होती. शेवंती सगळी गेली. आता मोगरा तेवढा निघाला की मुदत पाळली गेली.

आणि चैत्रात, मोगरा ऐन कळीवर असताना, ते पान बंद पडलं. ॲपवाल्यांचं म्हणणं असं, की इतक्या लोकांच्या पानांवर इतकं सगळं लिहिणं माणसाला शक्य नाही, तेव्हा हे यंत्र असावं.

"मला? मशीन म्हणाले?" मास्तर पोट धरून हसले. हसता हसता डोळे पुसले. तिकिटांचं यंत्र आलं तेव्हा त्यांनी त्याच्याशी वैर धरलं होतं. "तिकीट देती, पण आजारी आईची खुशाली विचारती का?" असं त्यांचं त्या यंत्राबद्दलचं मत.

मी धीर दिला. फक्त माणूस असल्याचं दाखवून द्यायचं होतं. पडद्यावर नऊ चित्रं आली आणि वर सूचना: ज्या चित्रांत बस दिसते ती निवडा. मला हसूच फुटलं. म्हटलं, देवा, तू आहेस! आणि फोन त्यांच्या हातात दिला. कुठून ही बुद्धी झाली कोण जाणे.

मास्तरांनी चष्मा चढवला. "ही बस नाय. ही ट्रॅव्हल्स."

"मास्तर, दाबा तुम्ही."

"ही शाळेची गाडी. हिला कंडक्टरची सीट कुठंय? आन् ही तर दोन मजली, परदेशातली. ही कुठल्या डेपोची?"

"अहो, त्यांना काय करायचंय डेपोशी! चाकं आहेत, खिडक्या आहेत, दाबा!"

"खोटं कसं दाबू? उभा जन्म बसमधी काढला आन् मला बस कळत नाय?" आणि मी हात लांब करेपर्यंत त्यांनी एकही चित्र न निवडता पुढचं बटण दाबलं. पुन्हा नऊ चित्रं आली. पुन्हा एकही बस नाही. तिसऱ्या खेपेला पान कायमचं गेलं.

मी तेव्हा जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. मी नवं पान उघडलं. त्यावर मी, माझी आई आणि केकवाल्या बाई. वेबसाईटवर घाईनं माझा नंबर टाकला. दोन फोन आले, दोन्ही मला कर्ज हवंय का विचारणारे. ॲपवाल्यांना विनवण्या केल्या, उत्तर आलं तेही यंत्राचंच. तिकडे काकूंनी नर्सरीत टोमॅटोची रोपं सांगून ठेवली.

दोन दिवसांनी मास्तर ऑफिसात आले. खोलीत चार माणसं होती. ते आत आले, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि त्यांनी कुणालाच मोजलं नाही. मला भडभडून आलं. खाली गिरणी सुरू होती म्हणून बरं, कुणाला ऐकू गेलं नाही.

आखाजी चार दिवसांवर आली तेव्हा मी मळ्यात गेले. नव्या पानाचं काही खरं नाही, हे तोंडावर सांगायचं होतं. मोगरा फुटून वास नुसता रस्त्यापर्यंत येत होता. आणि त्या वासात काकू दोरी लावून सऱ्या कुठून पाडायच्या ते बघत होत्या. मास्तर खाटेवर बसून गजरा ओवत होते, कुणासाठी नाही, असाच.

तेवढ्यात मोटारसायकल आली. धुळीनं माखलेला एक तरणा गडी, हँडलला पिशवी. "मास्तर घरमा शेतस का?"

मास्तर घरात आहेत का, असं विचारत होता. बोलीवरूनच मी ओळखलं, सटाण्याकडचा. हाच तो ट्रॅक्टरवाला. त्याच्या आईला मास्तरांचं पान दिसेनासं झालं होतं. मास्तरांचा फोन नंबर कुणाकडे नाही. म्हातारीनं धोशाच लावला, एवढी चौकशी करणारा माणूस, त्याला काही झालं तर नसेल? मग कुणाच्या तरी लक्षात आलं की डब्याच्या झाकणावर पत्ता आहे. पिशवीतून त्यानं डबा काढला. आत पुरणाचे मांडे, खापरावरचे, आईनं पहाटे उठून केलेले. "रिकामा कसा आणायचा?" तो म्हणाला. आणि हो, डावं चाक खरंच बदलावं लागलं होतं. आणि हो, आता त्याची स्वतःची हळद होती.

तो चहा पितोय तोवर सिन्नरची एक मुलगी रिक्षातून उतरली, कडेवर बाळ, हातात डबा, डब्यात बारशाचे पेढे. दुपारी एक आजोबा आले, डब्यात घरचा चिवडा. जो येईल तो आधी एकच विचारी, "मास्तर बरे आहेत ना?" आणि बरे आहेत म्हटल्यावर हळूच म्हणे, आमच्या मावशीच्या सुनेचं डोहाळजेवण आहे, आमच्या वरच्या मजल्यावरच्यांच्या मुलीची हळद आहे. आखाजीपर्यंत हे रोज चाललं. शेवटी एक टेम्पो थांबला आणि त्यातून उतरली ती त्र्यंबकेश्वरकडची बाई! हातात डबा नव्हता, तिला कधी पाठवलाच नव्हता. ती आमची वेबसाईट बघून आली होती. एवढ्या सगळ्या गर्दीत माझ्या वेबसाईटनं आणलेलं तेवढं एकच गिऱ्हाईक, आणि तेही स्पर्धक. "लग्नं खूप आहेत, मास्तर, माझा मोगरा संपला," ती म्हणाली. "उरलेला सगळा द्या. माझी गाठ बारीक म्हणणारे तुम्ही पहिलेच."

अंगणात माणसं मावेनात. मी मास्तरांकडे पाहिलं. ते खाटेवरून उठले होते आणि त्यांचं बोट हळूहळू वर येत होतं. "...सात, आठ, बाळ अर्धं, नऊ. मंडळी, चहा टाका, गाडी फुल्ल हाय! ओ पाव्हणं, पुढं सरका, मागच्यांना सावलीत येऊ द्या." मी तिथंच, नऊ माणसांसमोर, रडले. आनंदानं रडायला मला लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी नर्सरीतून रोपं आली. काकूंनी ट्रे खाली ठेवले, मोगऱ्याकडे पाहिलं, फळीवर परत आलेल्या डब्यांकडे पाहिलं. "सांगितलेली रोपं फेकता थोडीच येत्यात," त्या म्हणाल्या, आणि सगळी रोपं बांधाच्या कडेकडेनं लावून टाकली. मास्तरांनी खाटेच्या पाटीवर अंगठी वाजवली. टक् टक्.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. मी लग्न करून पुण्याला आले. माझं डोहाळजेवण झालं तेव्हा नाशिकहून एसटीनं डबा आला. मोगऱ्याची बिंदी मी कपाळावर सुकेपर्यंत ठेवली होती. लेक आता दुडुदुडु पळते. गेल्या आठवड्यात मी तिचा एक फोटो टाकला. सगळ्यांनी बदाम दिले. मास्तर नव्या पानावरून अजून त्याच शिस्तीनं वाट्या परत करतात, फक्त आता बेतानं, दिवसाला ठरावीक. फोटोखाली त्यांचे शब्द आले: "मुलगी गोड. चपला उलट्या घातल्यात. डबा?"

मी स्वयंपाकघरात गेले. फळीवर झाकण चमकत होतं, 'परत करणे'. आत रवा.

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. शनिवारी लेकीला घेऊन मळ्यावर जायचंय आणि त्या डब्यात काय घालून न्यायचं? लाडू केले ते फुटले. बाकरवडी न्यायची म्हटलं तर विकतची कशी न्यायची? नवरा म्हणतो, अगं, एका डब्यापायी किती तो जीव काढशील! त्याला काय कळतंय.

शेवटी फोटोखाली मी मास्तरांनाच विचारलं, तर काल काकूंचा फोन आला. त्या फोन करतात, मास्तर अजून करत नाहीत.

"डब्यात काय घालू, त्याच्या विचारात पडलीयस म्हणं?"

"हो ना काकू. तुम्हीच शिकवलंत, रिकामा कसा आणायचा?"

"रिकामाच आण गं पोरी," काकू म्हणाल्या. "हितं टोमॅटो कुठं ठेवू आन् कुठं नाय, असं झालंय."

मागे फोनमध्ये अंगठी वाजली. टक् टक्.